सहा सभासद

नावाशेजारचा हिरवा ठिपका मोहरीएवढा होता. माणूस जागेवर असला की हिरवा, उठून गेला की राखाडी. आणि समोरच्या टेबलावर लांब तंगड्या पसरून बसलेल्या नकाशाकाराचा – त्या तंगड्यांमुळेच सगळे त्याला कंपास म्हणत – ठिपका मात्र राखाडीच होता... म्हणजे या सॉफ्टवेअरला माणूस दिसत नाही, नुसती त्याची बोटं दिसतात, असं ताईच्या मनात आलं, आणि तिने तुलनेच्या तक्त्यात लिहिलं, हजेरीवर भरवसा नाही.

सात माणसांचं ऑफिस, घरांचे नकाशे काढायचं. बाहेर जाणारं प्रत्येक माप वीस वर्षं तिच्या नजरेखालून जात आलेलं. म्हणून तर सर सोमवारी म्हणाले होते, "ताई, आपलं जुनं चॅट बंद होतंय. ही तीन नवी बघा आणि कुठलं घ्यायचं ते तुम्हीच सांगा. तुमच्या चाळणीतून गेलं की मला घोर नाही."

पहिल्यात जुने निरोप तीन महिन्यांनी दिसेनासे होत. दुसऱ्यात बोलायची खोली होती, बटण दाबलं की काम करता करता सगळे नुसते बोलत राहणार, लिहिलेलं काही उरणार नाही. तिसऱ्यात सगळं लिहून, ज्या त्या निरोपाखाली त्याची उत्तरं. तिसरं चांगलं हे तिला मंगळवारीच कळलं होतं. पण ते सगळ्यांना चांगलं की आपल्याला, हे ठरेना, आणि त्यात बुधवार गेला होता.

कारण डावा कान... दोन वर्षं झाली. आधी फोन उजवीकडे गेला, मग रस्त्याने चालताना नवराही उजवीकडे गेला – "हल्ली तुझं लक्षच नसतं," तो म्हणायचा, आणि ती ते मुकाट अंगावर घ्यायची, बेपर्वा बायको परवडली, पण बहिरी... माहेरी आत्या होती. तिच्याशी आधी सगळे ओरडून बोलत, मग खुणांनी, मग बोलतच नसत, आणि मग तिच्यादेखत तिच्याविषयी बोलत. तिला काय कळतंय! आत्या खाली मान घालून शेंगा सोलत राहायची. लहानपणी ताईनेही तिच्या पाठीमागे उभं राहून, मोठ्याने, बोलू नये ते बोलून पाहिलं होतं. आत्याने वळून पाहिलं नव्हतं – ऐकू आलं नाही म्हणून की आलं म्हणून, हे आता कुणाला विचारणार?

जुने निरोप नव्यात न्यायचे तर ते आधी उतरवून घ्यायला हवेत, म्हणून सरांनी तिला जुन्या चॅटचे सगळे अधिकार दिले होते. तिने गटांची यादी उघडली. नकाशे, साइट, सुट्ट्या, वाढदिवस. आणि तळाशी एक गट, नुसतं 'कोपरा'. सभासद सहा.

माणसं सात.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण उतरलेली फाइल नीट उतरली का, हे बघणं कामातच येतं... अशी स्वतःची समजूत काढत तिने ती उघडली. समजूत फारशी पटली नाही, तरी बोट थांबलं नाही.

पहिला निरोप कंपासचा, दीड वर्षापूर्वीचा. "काल ताईंना जिन्याचं माप तोंडी सांगितलं, डाव्या बाजूने. ऐकूच गेलं नाही. यापुढे मापं लिहूनच देऊ. त्यांना जाणवू द्यायचं नाही."

खाली सर – "बरोबर."

मग बाहेरच्या टेबलावरची मुलगी – "मीटिंगचं टेबल फिरवते. म्हणजे सगळे त्यांच्या उजवीकडे येतील. ऊन येतं म्हणून सांगेन."

ऊन! त्या टेबलावर ऊन कधीच येत नव्हतं, आणि तरी आपण, मापं तपासणाऱ्या बाईने, ते कधी तपासलं नाही.

आणखी खाली पुन्हा सर. "साइटवर त्यांना नको नेऊ या. गोंगाटात मागून कुणी ओरडलं आणि ऐकू गेलं नाही तर? गुडघ्यांचं निमित्त करा."

तिचे गुडघे ठणठणीत होते. पण वर्षभर सगळ्यांनी इतक्या आपुलकीने जपलेले ते गुडघे, की हल्ली जिना चढताना ती खरोखरच कठडा धरायची.

ती सहा जणांपासून लपवत होती, सहा जण तिच्यापासून. लपंडाव, आणि राज्य कुणावरच नाही. राग येईल म्हणून तिने वाट पाहिली. आला, पण अर्धाच. उरलेल्या अर्ध्या जागेत काहीतरी उबदार येऊन बसलं होतं, आणि दोघं एकमेकांना सरकायला सांगत होते.

"ताई, झालं का ठरवून?" कंपास उठून आला होता – टेबलाला पूर्ण वळसा घालून, तिच्या उजवीकडे. हा वळसा रोजचाच असणार. दिसला आज.

"दुसरं घ्यावं म्हणते," ती म्हणाली. "बोलायची खोली आहे त्यात."

"तिसरं बरं नाही का? लिहिलेलं कसं, कायम राहतं."

"राहतं खरं." तिने स्क्रीनवरची फाइल झाकली नाही. त्याने पाहिली की नाही, कळलं नाही. "साइटवर कधी जाताय?"

"उद्या सकाळी."

"मी येते."

"तिथे... पायऱ्या फार आहेत, ताई."

"पायऱ्या ऐकाव्या लागत नाहीत."

त्याने मान हलवली, होकार की नुसतीच, आणि परत जाताना सवयीने तोच लांबचा वळसा घेऊन गेला.

बाहेर कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. एरवी ओठांवरून, हसण्याच्या लांबीवरून अंदाज बांधून तीही वेळेवर हसली असती. वीस वर्षं मापं जुळवली तशी ही दोन वर्षं तिने गाळलेले शब्द जुळवले होते, आणि त्याचा किती शीण साठला होता हे तिला आत्ता, नुसतं बसल्यावर, खांद्यांत जाणवलं. ती हसली नाही. काय म्हणाले ते तिला कळलं नव्हतं. विचारावंसं वाटत होतं... विचारलं नव्हतं, अजून.