एवढे मासे नदीत नाहीत

केझाया आठवड्याच्या मध्येच, न कळवता घरी आली, तेव्हाच व्हर्लीनच्या मनात पाल चुकचुकली. धुवायच्या कपड्यांचं बोचकं पोरीने दारातच टाकलं आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिली. फ्रिज उघडला नाही, भांडी हुंगली नाहीत. हे लक्षण काही बरं नव्हतं.

"शिष्यवृत्ती बंद झाली, मम्मा. हे सत्र संपलं की खलास."

"का? मार्क कमी पडले?"

"मार्क कमी नाही पडले. रंग जास्त पडला."

व्हर्लीन टिस्डेलने हातातला डाव खाली ठेवला. राज्याच्या विद्यापीठात शिकणाऱ्या काळ्या मुलामुलींसाठीची ती शिष्यवृत्ती काही कुणी खूश होऊन वाटलेला खाऊ नव्हता. त्यासाठी आधीच्या पिढीने वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आणि आता राजधानीतल्या अंदाजपत्रक समितीने एका दुपारी मतदानाला हात वर केले आणि ती पुसून टाकली. कारण काय, तर म्हणे सगळे समान! विद्यापीठात शिकून गेलेल्यांच्या लेकरांना मात्र प्रवेशात झुकतं माप होतं ते तसंच राहिलं. फुटबॉल खेळणाऱ्यांचे पैसेही तसेच राहिले. समानतेचा वरवंटा फिरला तो नेमका केझायासारख्यांवरून.

केझाया औषधशास्त्र शिकत होती. हॅरोज बेंड गावातलं एकुलतं एक औषधांचं दुकान बंद पडल्यापासून म्हातारीकोतारी इन्सुलिनसाठी शेजारच्या तालुक्यात हेलपाटे घालायची. दोन वर्षांनी केझाया परत येणार, दुकान उघडणार, यावर सगळं गाव डोळे लावून बसलं होतं. त्या दोन वर्षांचंच आता काय करायचं?

व्हर्लीनने फार वेळ विचार केला नाही. पदर खोचणारी बाई ती, रडणारी नव्हे. पदर नव्हता, तर तिने एप्रन बांधला. "शुक्रवारी मासे तळू," ती म्हणाली.

हॅरोज बेंडची ही रीतच होती. न्यू कॅनान चर्चचं छप्पर गळलं, मासे तळा. गायकवृंदाला नवे झगे हवेत, मासे तळा. कुणाचं घर जळलं, कुणाची अंत्ययात्रा अडली, की चर्चच्या मागच्या अंगणात मोठाल्या कढया चढायच्या. मक्याच्या पिठात घोळवलेला कॅटफिश, शेजारी स्पॅगेटी, कोबीची कोशिंबीर, पावाचा तुकडा आणि वरून तिखट सॉस. सगळं गाव रांग लावायचं, ताट विकत घ्यायचं आणि अडलेल्याची गाडी पुढे ढकलायचं. कुणापुढे हात पसरायचा नाही, आपली वाट आपण काढायची, या गोष्टीचा लोकांना फार अभिमान होता. व्हर्लीन त्या चुलीची मालकीण होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त अभिमान तिलाच होता.

गुरुवारी संध्याकाळी ती चर्चच्या स्वयंपाकघरात कोबी चिरत असताना मदर पिकेट काठी टेकत आत आल्या. ओझेला पिकेट म्हणजे चर्चमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला ते न विचारता शिकवत.

"कुणासाठी चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

"माहीत असून विचारताय, मदर. केझायासाठी."

"केझायासाठी नाही. सरकारसाठी तळतेयस तू."

व्हर्लीनची सुरी थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे खड्डा त्यांनी पाडला आणि तू धावतपळत तो माती टाकून बुजवतेयस, तेही फुकट. पोरी, टॅक्स भरतेस ना तू? साबण घेतलास तरी भरतेस. त्या टॅक्सवर चालणारं विद्यापीठ तुझ्या पोरीचं नाही का? मग तिथल्या फीसाठी पुन्हा स्वतःच्याच शेजाऱ्यांच्या खिशात हात का घालतेस?"

"तत्त्वाने फी भरत नाही, मदर."

"माशानेही भरत नाही. एक सत्र भरेल. मग?" त्या स्टुलावर बसल्या. "ऐक. मी त्याच विद्यापीठात अर्ज केला होता. काळी म्हणून घेतलं नाही. पण त्यांनी काय केलं माहितेय? मला उत्तरेकडच्या कॉलेजात जाण्यासाठी पैसे दिले. गाडीभाडं, फी, सगळं! ओझेला आपल्या वर्गात बसू नये म्हणून या राज्याच्या तिजोरीत पैसा होता. आणि आज केझाया वर्गात बसलीय, तर तिजोरी रिकामी? एवढी सोयीची गरिबी मी जन्मात पाहिली नाही!"

व्हर्लीन चिडली. "तुमचं भाषण होईल, मदर, पण माझ्या पोरीचं वर्ष जाईल," असं म्हणून तिने कोबीवर सगळा राग काढला. मदर पिकेट उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात राजधानीत समितीची सुनावणी आहे, अंदाजपत्रक पक्कं होण्याआधीची. कुणीही जाऊन बोलू शकतं. कढईपेक्षा तिथे तुझी गरज जास्त आहे."

शुक्रवारी अंगण फुलून गेलं. लोकांनी दोन-दोन ताटं नेली आणि सुटे पैसे परत घेतले नाहीत. आणि ऐन गर्दीत आमदार थॅडियस हारग्रोव्ह अवतरले. हा थॅड याच चर्चच्या मांडीवर वाढलेला. व्हर्लीनने त्याला रविवारच्या शाळेत बायबल शिकवलं होतं. आता तो निवडणूक आली की प्रवचनाआधी चर्चचा माइक हातात घ्यायचा, जुनी गाणी गायचा आणि मतं घेऊन जायचा. ज्या समितीने शिष्यवृत्ती कापली, तिच्यावर तोही होता. त्या दिवशी मात्र तो बैठकीला गेलाच नव्हता. नदीवरच्या नव्या पुलाला मंजुरी हवी असेल तर त्या दुपारी गैरहजर राहा, असा सौदा झाल्याचं गावात लोक कुजबुजत होते. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, यात थॅड पहिल्यापासून पटाईत.

"मिस व्हर्लीन, द्या तो चिमटा इकडे!" त्याने एप्रन चढवला, कढईतून एक मासा उचलला आणि सोबत आणलेल्या कॅमेऱ्याकडे बघून हसला. "पाहा मंडळी! आपली माणसं कुणाच्या दारात जात नाहीत. आपलं आपण निभावतो आपण!"

टाळ्या पडल्या. व्हर्लीननेही वाजवल्या. तिला छान वाटलं, हेही इथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी केझायाच्या एका सत्राची सोय झाली आणि रात्री मायलेकी गळ्यात गळा घालून रडल्या.

पण तो आनंद रविवारपर्यंतही टिकला नाही.

शनिवारी सकाळी टीव्हीवर समितीचे अध्यक्ष व्हिटलॉक यांची मुलाखत चालू होती. गोरेपान, गुळगुळीत, आवाजात साखर पेरलेला माणूस. शिष्यवृत्ती गेल्याने गरीब मुलं अडचणीत येणार नाहीत का, असं मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं. त्यांनी हसून एक फोटो दाखवला. चिमटा धरलेला थॅड. मागे कढईजवळ घामाघूम व्हर्लीन.

"हे बघा," व्हिटलॉक म्हणाले, "हॅरोज बेंडची ही कष्टाळू माणसं. यांना सरकारी कुबड्या नकोतच मुळी! समाजाने समाजाची काळजी घ्यायची, हाच खरा मार्ग. मला तर यांचा अभिमान वाटतो."

व्हर्लीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अभिमान! पाठीचा काटा ढिला होईपर्यंत व्हर्लीन तळणार, शेजारी आपल्या पगारातून ताटं घेणार, आणि पोरीच्या तोंडचा घास काढणारा हा माणूस त्याचाच फोटो पुरावा म्हणून मिरवणार! आणि आपण? आपणच त्याला तो पुरावा गरमागरम वाढला. वर टाळ्या वाजवल्या! बापरे, मदर पिकेट घसा फोडून हेच सांगत होत्या ना?

केझाया दारात उभी होती. "मम्मा, मला विद्यापीठातून फोन आला होता. दरवर्षी या शिष्यवृत्तीवर मुलं घेतात, पुढच्या वर्षी आपल्या भागातून एकही नसेल. आपल्या चर्चच्या डीकन पर्व्हिसच्या नातीचं नक्की होतं, तिने आता कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात कामाला नाव नोंदवलं."

"मग तिच्यासाठीही तळू, असं म्हणू का मी?" व्हर्लीन ओरडली, आणि मग शांत झाली. "नाही. आता नाही तळायचं."

रविवारी प्रार्थनेनंतर ती उभी राहिली. रेव्हरंड मॉनक्रीफ पुढच्या माशांच्या शुक्रवारची घोषणा करण्याच्या बेतात होते. "रेव्हरंड, थांबा," ती म्हणाली. "कढई बंद. सुनावणीला ज्यांना यायचंय त्यांनी चर्चच्या खास दिवशी घालतो ते पांढरे कपडे घालून या. चर्चची बस मी मागून ठेवलीय." सभागृहात चुळबुळ झाली. "अगं पण सिस्टर, मुलीच्या फीचं काय?" कुणीतरी विचारलं. मदर पिकेट पहिल्या बाकावरून गरजल्या, "आमेन म्हणा आणि कपड्यांना इस्त्री करा!" लोक हसले, आणि हसता हसता तयार झाले.

राजधानीतल्या त्या दालनात पांढऱ्या कपड्यांनी बाकांच्या रांगा भरून गेल्या. व्हर्लीनचं नाव पुकारलं, तशी ती माइकपुढे जाऊन उभी राहिली. व्हिटलॉकनी तिला ओळखलं.

"अरे वा, माशांवाल्या ताई! तुमच्या कॅटफिशची फार ख्याती ऐकलीय आम्ही."

"चव चांगलीच आहे, साहेब," व्हर्लीन म्हणाली. "पण तुम्ही त्या फोटोत फक्त मासा पाहिलात. त्या रांगेत उभी असलेली बाई वृद्धाश्रमात रात्रपाळी करून आली होती. तिच्या मागचा म्हातारा आपलं औषध अर्धं अर्धं करून घेतो, आणि त्यानेही ताट घेतलं. या लोकांनी विद्यापीठासाठी एकदा टॅक्स भरलाय. दुसऱ्यांदा माझ्या कढईजवळ भरला. तुम्ही त्याला समाजाची काळजी म्हणता. मी त्याला लूट म्हणते!"

"ताई, भाषा सांभाळा."

"भाषा मी आयुष्यभर सांभाळली, साहेब. आता लेकरं सांभाळते. मी अख्खा दिवस तळून एका पोरीचं अर्धं वर्ष उभं केलं. राज्यभरात अशी किती पोरं आहेत? तुम्हीच सांगा, किती तळू? आमच्या नदीत एवढे मासे नाहीत!"

दालन दणाणलं. हातोडी आपटून व्हिटलॉकनी शांतता आणली. तेवढ्यात थॅड हारग्रोव्ह घसा खाकरून उठला. त्याच्याकडे तोडगा तयार होता. आत्ता शिकत असलेल्या मुलांची शिष्यवृत्ती चालू ठेवावी, नवीन मुलांना मात्र देऊ नये. व्हिटलॉकनी मान डोलावली. ठरवूनच आले होते दोघे, हे शेंबडं पोरही ओळखेल. मतदानाआधी थोडी विश्रांती जाहीर झाली.

थॅड हसत बाकांपाशी आला. "मिस व्हर्लीन, झालं काम! केझाया सुटली. आता घरी जा, आराम करा."

केझाया सुटली! व्हर्लीनच्या छातीवरचा धोंडा खरंच उतरला. पोरीचं शिक्षण, गावातलं दुकान, सगळं एका वाक्यात परत मिळालं होतं. दोन-तीन बायका पर्स उचलून उठल्यासुद्धा. मग तिची नजर डीकन पर्व्हिसच्या नातीवर गेली. ती पोरगी मांडीवर हात ठेवून, कुणाकडेही न बघता बसली होती. व्हर्लीनने केझायाकडे पाहिलं. केझायाने मान हलवली. नाही.

"बसा सगळ्याजणी," व्हर्लीन म्हणाली. "सुटलं ते माझं पोर. आपली पोरं नाही सुटली."

"मिस व्हर्लीन, ताणू नका हो! मी सगळं मागितलं तर व्हिटलॉक हेसुद्धा काढून घेईल. तुमची मुलगीही जाईल!"

"ठाऊक आहे मला, थॅड. म्हणूनच ही मलई माझ्याच ओठाला लावलीस ना तू? माझं तोंड बंद झालं की बाकीच्यांचं आपोआप होतं." तिने त्याच्यावर बोट रोखलं. "माझी पोरगी लाव पणाला. पण मागायचं तर सगळ्यांसाठी माग!"

मागून रेव्हरंड मॉनक्रीफ पुढे आले. मवाळ माणूस, कधी आवाज न चढवणारा. "थॅडियस," ते म्हणाले, "पूल चांगला होईल, बाळा. पण त्या पुलावरून आमची मुलं कुठे जाणार, कोंबड्यांच्या कारखान्यात? आज तू सगळ्यांसाठी उभा राहिला नाहीस, तर न्यू कॅनानचा माइक तुझ्या हाती पुन्हा पडणार नाही. आसपासच्या चर्चच्या पाळकांशीही मी बोललोय."

थॅडने बाकांकडे पाहिलं. त्याला लहानपणी न्हाऊमाखू घालणाऱ्या, खाऊ घालणाऱ्या बायका पांढऱ्या कपड्यांत बसल्या होत्या आणि एकीच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. तो मान खाली घालून आपल्या जागी गेला. लाज वाटली की मतांची भीती, ते त्याचं त्यालाच ठाऊक. विश्रांती संपल्यावर माइकसमोर उभा राहून तो म्हणाला, "माझ्या दुरुस्तीत बदल करतो. आत्ताची मुलं आणि पुढची मुलं. सगळी." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "मागच्या मतदानाला मी यायला हवं होतं. चुकलं माझं."

व्हिटलॉकच्या चेहऱ्यावरची साखर विरघळली. मतदान झालं. ज्यांच्या मतदारसंघात चर्च आहेत अशा आणखी काही जणांनी बाकांकडे पाहून हात वर केले. दुरुस्ती एका मताने मंजूर झाली. विधानसभेची मोठी बैठक अजून बाकी होती. व्हर्लीनने बसच्या ड्रायव्हरला तिथेच सांगून टाकलं की त्याही दिवशी गाडी लागेल.

मंडळी, एकमेकांना हात देणं हे पुण्यच आहे, ते सोडू नका. पण हक्क हिरावणाऱ्याच्या चुकीची भरपाई आपल्या घामाने करू नका. हक्काच्या जागी दान ठेवलं की हक्क मरतो, आणि मारणारा तुमच्याच दातृत्वाचं कौतुक करत बसतो. आणि ज्या दिवशी तो येऊन कानात सांगेल की तुमचं काम झालं, आता घरी जा, त्या दिवशी तर मुळीच उठू नका. शेजारी कोण बसून राहिलंय, ते आधी बघा.