तळवा दाखवा

मी एक जुनी वेबसाइट आहे, मित्रांनो, आणि माझ्यामुळे एका बाईची दोन बोटं तुटली. मला हात नाहीत, पाय नाहीत, मी कुणाच्या अंगावर धावून गेले नाही. तरी दोष माझाच धरा. जुनी म्हणजे सहा वर्षांची. तुमच्यात या वयाची मुलं पहिलीत जातात, आमच्यात तिला म्हातारी म्हणतात.

माझा जन्म हडपसरच्या एका लोहाराच्या दुकानात झाला. पुढे दुकान, मागे भट्टी. मच्छिंद्रआबा लालभडक पोलाद सांडशीत धरून ऐरणीवर ठेवायचे आणि घणाने असं झोडपायचे की भिंतीवरची कॅलेंडरं हलायची. ठिणग्यांनी त्यांच्या हातांवर एक केस शिल्लक ठेवला नव्हता. त्या मारझोडीतून विळे, खुरपी, कुऱ्हाडी आणि ऊस तोडायचे कोयते बाहेर पडत. आबांची मुलगी ऋतुजा कॉम्प्युटर शिकलेली. तिने गल्ल्याजवळच्या कॉम्प्युटरवर बसून मला बनवलं. तिथे मी दिवसभर उघडी असायची, त्यामुळे दुकानात बोललेलं सगळं माझ्या कानावर पडायचं.

आबांची एक रीत होती. खुरपं कुणालाही मिळे, पण कोयता मागणाऱ्याला ते आधी म्हणायचे, "तळवा दाव." ऊस तोडणाऱ्याच्या बोटांच्या मुळाशी घट्टे असतात. आबा ते अंगठ्याने दाबून बघत आणि मगच कोयता काढत. मऊ तळव्याचा एखादा तरणा गडी आला की म्हणत, "तुला न्हाय देत. च्या पी आन् घरी जा." अशाच एकाने एकदा चिडून दुकानाच्या काचेवर दगड घातला. आबांच्या कपाळातून रक्त आलं, तीन टाके पडले. आबांनी काचा झाडून टाकल्या, रीत मात्र सोडली नाही.

म्हणून माझ्या कोयत्याच्या पानावरही ऋतुजाने एक चौकोन ठेवला होता: 'तळव्याचा फोटो टाका.' आणि खरंच, लोक फोटो पाठवायचे! भेगाळलेले तळवे, घट्टे पडलेले तळवे, एकाचं नख काळंनिळं झालेलं, एका बाईच्या हातावर मेंदी आणि मेंदीखाली घट्टे. आबा चष्मा लावून एकेक बघत आणि म्हणत, "द्या ह्येला." मग ऋतुजाची आई, शालनमावशी, माल बांधायला बसे. पात्याला पुठ्ठा, आणि मुठीला स्वतःच्या जुन्या पातळाची चिंधी घट्ट गुंडाळलेली. घामेजल्या हातातून कोयता निसटून पायावर पडू नये, म्हणून ती चिंधी. इतके कष्टाळू हात जवळ असलेली दुसरी वेबसाइट पुण्यात नसेल, असा मला ताठा होता.

पुढे धंदा वाढवायचा म्हणून ऋतुजाने कोथरूडच्या सलिलला बोलावलं. लोकांच्या वेबसाइट चालत्या करून देणं हाच त्याचा व्यवसाय. त्याने मला उलटीपालटी करून तपासलं आणि सांगितलं, की कोयत्याच्या पानावर आलेल्या दहातले सात जण त्या चौकोनापाशी येऊन निघून जातात.

"अहो काका, आपण कोयते विकतो की भविष्य सांगतो?" तो म्हणाला.

"तळवा बघितल्याबिगर आपन कोयता देत न्हाय," आबा म्हणाले.

"मग दुकानात बघा ना खुशाल. इथे गिऱ्हाईक आठ सेकंद थांबतं. आठ सेकंदांत कुणी हात धुऊन फोटो काढत नाही."

"आबा, सगळ्या साइट्सवर डायरेक्ट बटण असतं. ट्राय तरी करू," ऋतुजा म्हणाली.

आबा उठले. मागे भट्टीवर गेले आणि त्या दिवशी त्यांनी एक पातं इतकं ठोकलं की ते चिरलं. इकडे चौकोन गेला आणि त्या जागी नारिंगी बटण आलं: 'लगेच घ्या.'

खरं सांगते, मला आनंद झाला होता. साताऱ्याहून, नगरहून, बेळगावहून मागण्या येऊ लागल्या. कोण घेतंय हे मला आता कळत नव्हतं आणि कळून घ्यावंसंही वाटत नव्हतं. अशात एके दिवशी एकाच नावावर अकरा कोयत्यांची मागणी आली. तातडीने पाहिजेत, असं लिहिलं होतं. पत्ता हडपसरचाच, दुकानापासून चालत दहा मिनिटांवरचा.

"एवढ्या जवळचा मानूस हाय, मग दुकानात का न्हाय आला?" शालनमावशीने विचारलं.

पण पार्सल न्यायला माणूस दारात येऊन उभा होता. मावशीने हिरवं पातळ फाडलं, अकरा मुठींना चिंध्या बांधल्या आणि खोकं त्याच्या हवाली केलं.

नंतरच्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, हडपसरच्या भाजीबाजारात तीन मोटारसायकलींवरून सहा जण घुसले. त्यांना कुणा एकाला गाठायचं होतं. तो सापडेना, तेव्हा त्यांनी समोर येईल ते तोडायला सुरुवात केली. उभ्या गाड्यांच्या काचा फोडल्या. रिक्षाचं छत उभं चिरलं. टोमॅटोची हातगाडी उलथली आणि ती आवरायला वाकलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीत उलट्या पात्याचा तडाखा बसला. लोक पोरांना पोटाशी धरून पळत सुटले.

शालनमावशी मेथी घेत होती. तीही पळाली असती. पण तिला एका कोयत्याच्या मुठीवरची हिरवी चिंधी दिसली.

"आरं, ह्ये माझं पातळ हाय!" ती ओरडली आणि पुढे होऊन तिने त्या पोराचं मनगट धरलं. "दे हिकडं! दे म्हंते ना!"

त्याने हिसडा मारला आणि वार केला. मावशीच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मेथीच्या जुड्यांवर जाऊन पडलं. कोयता आबांचा होता. धार चांगली होती.

कुणीतरी मोबाइलवर काढलेलं ते सगळं, पात्यांवरचं आमच्या दुकानाचं नाव वाचून, संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच येऊन आदळलं. 'हाच का तुमचा माल?' 'पुढचा हात कुणाचा?' शिव्या तर तुम्हाला सांगण्यासारख्या नाहीत. प्रत्येक मजकुराखाली माझं ते नारिंगी बटण तसंच चमकत होतं, लगेच घ्या, लगेच घ्या. मित्रांनो, वेबसाइटला डोळे मिटता येत नाहीत. त्या दिवशी मला त्याचं फार वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी आबा दवाखान्यातून थेट दुकानात आले. शर्टावर मावशीचं वाळलेलं रक्त होतं. त्यांनी घण उचलला आणि माझ्या स्क्रीनवर घातला. दुसऱ्या घावात कॉम्प्युटरची पेटी चेपली, तिसऱ्यात गल्ला मोडला. ऋतुजा धावत आली आणि तिने त्यांचे हात धरले.

"आबा, थांबा! वेबसाइट ह्या कॉम्प्युटरमध्ये नसते हो!"

"मग कुठं असतीया? सांग मला. तिथं जातो."

ऋतुजाला रडू फुटलं. तिच्या मोबाइलवर मी उघडी होते. तिने मला कायमचं पुसून टाकायचं ठरवलं होतं. त्याआधी पोलिसांनी माझ्या नोंदींतून अकरा कोयते मागवणाऱ्याचा फोन नंबर काढून घेतला आणि चार दिवसांत सहाही जण पकडले गेले. दहा कोयते सापडले. एक अजून कुठेतरी आहे.

मला पुसण्याआधी ऋतुजा दवाखान्यात आईला विचारायला गेली. मावशीचा हात पांढऱ्या पट्ट्यांत कोपरापर्यंत गुंडाळलेला होता. दोन्ही बोटं परत जोडता आली नव्हती.

"बंद नको करू," मावशी म्हणाली. "बंद केलीस तर तसली पोरं दुसरीकडनं घेतील, आन् ऊसतोडीवाल्यांनी कुठं जायाचं? तो चौकोन परत ठेव. आन् माझा फोटो काढ."

"कसला फोटो, आई?"

"पट्टी सुटली की तळव्याचा काढ. आधी आपला दाखवायचा, मग दुसऱ्याचा मागायचा."

आज माझं कोयत्याचं पान उघडलंत, तर पहिला दिसतो तो शालनमावशीचा तळवा. अंगठा, दोन बोटं आणि शिवलेल्या कातडीची एक वाकडी रेघ. त्याखाली लिहिलंय: 'हा आमचा. आता तुमचा दाखवा.' सलिलचा फोन आला होता. "अहो, पहिल्याच पानावर तुटका हात? गिऱ्हाईक पळून जाईल," तो म्हणाला. ऋतुजा म्हणाली, "पळू दे," आणि फोन ठेवला.

तुम्ही मोठे व्हाल, मित्रांनो. वेबसाइट बनवाल, दुकानं चालवाल. कुणीतरी तुम्हाला सांगेल की प्रश्न विचारू नका, माणसं थांबत नाहीत. धारेची वस्तू विकत असाल, तर त्याचं ऐकू नका. मी ऐकलं होतं.

परवा दुपारी कुणीतरी आलं. सात कोयते निवडले. मग मावशीचा तळवा समोर आला आणि ते माणूस चाळीस सेकंद तिथेच थांबून राहिलं. चौकोन रिकामाच राहिला. मग पान बंद झालं. नवीन कॉम्प्युटरसमोर मावशी बसली होती, तीन बोटांनी मूठ बांधायचा सराव करत.

"गेला गं," ऋतुजा म्हणाली.

"जाऊ दे," मावशी म्हणाली. "कुनाचा तरी हात वाचला."