मधला भाग रटाळ आहे

संपादकबाई त्या दिवशी मीटिंगला आल्या होत्या त्या माफी मागायला. छापायला आलेली एका लेखिकेची कादंबरी तीन फायलींत होती आणि मीटिंगमधल्या सगळ्यांना वाचायला पाठवताना मधली फाइल जोडायला त्या साफ विसरल्या होत्या. सकाळी ते त्यांच्या लक्षात आलं. हस्तलिखितं वाचून वाचून त्यांचे डोळे अधू झाले होते, पण असं काही हाती लागलं नव्हतं. त्या मधल्या भागात बाप मरायला टेकलेला असतो आणि उशाशी बसलेल्या दोघी बहिणी भांडतात, मध्येच हसतातसुद्धा. तो वाचून बाई दिवसभर कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. आता त्याचीच छापील पानं वाटायला त्यांनी सोबत आणली होती.

त्या तोंड उघडणार तेवढ्यात विक्रीवाले साहेब सुरू झाले. "बाई, भाषा झकास आहे. पण मधला भाग फार रटाळ झालाय हो."

"अगदी," मार्केटिंगवाली म्हणाली. "बापाचं आजारपण संपता संपत नाही. मला तर डुलकी लागली."

वाचलं नाही तर नाही म्हणावं की! पण न पाहिलेल्या पानांवर जांभया द्यायच्या म्हणजे हद्द झाली. आणि माइक हातात आला की हीच मंडळी गळा काढणार, हल्ली मोठी कादंबरी कुणी लिहीतच नाही म्हणून.

"मधला भाग मी पाठवलाच नव्हता," बाई म्हणाल्या. "चूक माझी."

कुणी कुणाकडे बघेना. प्रकाशनाच्या मालकांचा चेहरा मात्र खुलला. "म्हणजे त्याच्यावाचून कुणाचं अडलं नाही. मग तसंच छापू. पुस्तक आटोपशीर होईल."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या उठून बाहेर आल्या. लेखिका बाकावर वाट बघत बसली होती.

"मॅडम, मधला भाग पटला का हो त्यांना?" तिने विचारलं. "बाबा गेले ते लिहवतच नव्हतं. कितीदा फाडलं."

बाईंनी तिचा हात धरला, तिला आत नेऊन स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि पानं तिच्यापुढे ठेवली.

"वाचा," त्या म्हणाल्या. "पहिल्या ओळीपासून. घाई करू नका."

मालकांनी घड्याळ बघितलं. बाईंनी दाराला आतून कडी लावली आणि पाठ टेकून तिथेच उभ्या राहिल्या.