निळा की पांढरा

“परत लाव,” मीनाबाई म्हणाल्या.

संघर्षने परत लावलं. आधी पांढरा, मग निळा. ओळ एकच, गळाही एकच, फक्त गळ्यामागचा घुमारा वेगळा. निदान वेगळा असायला हवा होता. मीनाबाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि संघर्ष त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. पंखा बंद होता, कारण गाणं ऐकताना पंखा चालू ठेवायचा नाही हा त्याच्या स्टुडिओचा नियम, आणि वरच्या पत्र्यातून एप्रिलची दुपार सरळ डोक्यावर उतरत होती.

“तुला कुठला बरा वाटतोय?” डोळे उघडून त्यांनी विचारलं.

“दोन्ही सारखेच हायेत, आक्का. एकोणीस-वीसचा फरक.”

“मग निळाच घे की. जयंतीचं गाणं हाय. त्यात इचारायचं काय?”

दोघं हसले. संघर्ष जरा जास्तच हसला. खरी गोष्ट अशी की, सकाळी त्यानेही अगदी ह्याच कारणावरून निळा घेतला होता आणि गाणं पुरं करून जयंती मंडळाचा कार्यकर्ता गणपती याच्याकडे पाठवूनही दिलं होतं. वीस-बावीस वर्षं आवाजाच्या धंद्यात काढलेल्या माणसाने सॉफ्टवेअर पडद्यावरच्या त्याच्या खिडकीच्या रंगावरून निवडावं, हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्याच्यापाशी निवडायला दुसरं काहीच उरलं नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातली वरची एक खोली. खाली लेथ चालायचे, म्हणून रेकॉर्डिंग नेहमी सोमवारी, उद्यमनगरच्या सुट्टीच्या दिवशी. खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या. गाद्यांच्या खोलीत गायलेला आवाज कोरडा येतो, भाजीत मीठ विसरल्यासारखा. त्याला मोठ्या सभागृहात, कमानीखाली किंवा दगडी विहारात नेऊन उभं करायचं काम रिव्हर्ब नावाचं छोटं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, करतं. बाहेरचे लोक त्याला सरसकट इको म्हणतात. संघर्षचा जुना रिव्हर्ब संगणक बदलल्यावर चालेनासा झाला. म्हणून त्याने दोन नवे चाचणीसाठी उतरवून घेतले होते. एकाची खिडकी निळी, एकाची पांढरी. जो पटेल तो विकत घ्यायचा, एवढं साधं काम होतं.

ते साधं राहिलं नव्हतं, कारण महिन्यापूर्वी कानाच्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं की दोन्ही कानांचं वरचं ऐकणं गेलंय. बोलणं कळेल, ढोलकी कळेल, पण पातळ, बारीक, धारदार आवाज आता पोचणार नाहीत. गेलेलं परत येत नाही. स्टुडिओ काढण्याआधीची सगळी वर्षं तो मिरवणुकांत स्पीकरच्या भिंती उभ्या करायचा आणि अभिमानाने त्यांच्याच पुढे उभा राहायचा. त्याची किंमत कान देत होते. घरी येऊन त्याने बायकोला, श्रुतीला, कानात मळ होता एवढंच सांगितलं. तेव्हापासून तो पडद्यावरचे आलेख बघून आणि गिऱ्हाइकाचा चेहरा वाचून कामं उरकत होता. आतून त्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा. कान गेलेल्या माणसाकडे कोण गाणं घेऊन येणार?

तेवढ्यात गणपतीचा फोन आला. मैदानावर स्पीकरची भिंत उभी राहिली होती, जरा ऊन उतरलं की तो मीनाबाईंचं गाणं तिच्यावर वाजवून बघणार होता. गावातली सगळी साउंडवाली मंडळी जमली होती, संघर्षचे जुने सोबतीही. ‘सरांनी काय केलंय ते ऐकायला सगळे थांबलेत,’ असं गणपती म्हणाला. संघर्ष बरं म्हणाला आणि त्याने फोन पालथा ठेवला.

मीनाबाई कोडोलीहून एसटीने आल्या होत्या त्या याचसाठी. जन्म गेला होता त्यांचा भीमगीतं गाण्यात. पन्हाळ्यापासून कागलपर्यंत एकही वस्ती त्यांनी सोडली नव्हती, पण स्वतःच्या नावाने गाणं निघत होतं ते हे पहिलंच. वाजायच्या आधी आपल्या कानाने ऐकायचं, एवढी एकच त्यांची अट होती.

“हेडफोन दे,” त्या म्हणाल्या. “निळ्यातलं सबंध ऐकती एकदा.”

त्याने दिला. गाणं सुरू झालं. दुसरा हेडफोन त्याने स्वतःच्या कानाला लावला. पहिलं कडवं संपताना मीनाबाईंनी एक बोट वर केलं.

“हितं काय तरी सर्रकन गेलं.”

“वायर असंल, आक्का. हेडफोन जुना झालाय.”

त्याने हेडफोन बदलून दिला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बोट पुन्हा तिथेच वर गेलं. थोडं पुढे गेल्यावर आणखी एकदा गेलं. संघर्षने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. त्याला हार्मोनियम ऐकू येत होती, ढोलकी ऐकू येत होती, मीनाबाईंचा भरदार आवाज ऐकू येत होता. त्याहून वेगळं तिथे काहीच नव्हतं.

“आलं बघ. तव्यावर पाण्याचं थेंब पडल्यागत.”

आता तो पडद्याकडे बघू लागला. आवाजाची हिरवी रेघ नाचत होती. पार उजव्या टोकाला, जिथे सगळ्यात बारीक आवाज दिसतात, तिथे गवताचा एक झुबका उगवला आणि मावळला. मीनाबाईंचं बोट त्याच वेळी वर होतं. त्याने पुढच्या खेपेची वाट पाहिली. पुन्हा झुबका, पुन्हा बोट. 

त्याला सगळं कळलं. चाचणीचं प्लगइन कुणी फुकट वापरू नये म्हणून काही कंपन्या त्यात मधूनमधून एक बारीक सरसर सोडतात. पांढऱ्यात तसलं काही नव्हतं, तो काही दिवस मोकळा वापरायला मिळत होता. निळ्याच्या खिडकीत मात्र खाली सरसर येईल असं लिहिलेलंही होतं. पण दोन दिवस काम करूनही त्याला सरसर ऐकू आली नाही, तेव्हा ही कंपनी दिलदार दिसते, असं तो धरून चालला. परवा जेवताना श्रुतीपाशी त्याने त्या कंपनीचं तोंड भरून कौतुकही केलं होतं. आणि आता ती सरसर गणपतीच्या फोनमध्ये जाऊन बसली होती. छोट्या फोनवर ती कदाचित कळली नसेल. भिंतीवर ती सगळ्या मैदानाला ऐकू जाणार होती.

अजूनही निभावण्यासारखं होतं. वायरचं निमित्त पुढे रेटायचं, गुपचूप पांढरा लावायचा, नवीन गाणं पाठवायचं आणि गणपतीला आधीचं पुसून टाक म्हणायचं. त्याचा हात माउसकडे गेलासुद्धा. पण मीनाबाईंनी शेजारच्या खोलीकडे तोंड करून श्रुतीला हाक मारली होती. माझं वय झालंय, मला भास होत असंल, तू ऐक, असं म्हणून त्यांनी आपला हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला.

श्रुती हात पुसत आली होती. स्टुडिओत गायकांचे श्वास, खाकरे काढून टाकायचं किचकट काम तीच करायची. तिला फार वेळ लागला नाही.

“अहो, ही तर ट्रायलची सरसर आहे,” ती म्हणाली. मग थांबली. “परवा तुम्हीच म्हणालात ना, ह्यात सरसर येत नाही म्हणून?”

संघर्षने गाणं बंद केलं.  श्रुतीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“डॉक्टर काय म्हणाले होते?” श्रुतीने विचारलं.

“मळ होता म्हणून सांगितलं होतं तुला.”

“मग?”

“मळ नव्हता.”

आणि त्याने सांगून टाकलं. खाली बघत, तुटक तुटक सांगितलं. ऐकताना श्रुतीचा चेहरा आधी पडला आणि मग लाल झाला. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, पण तिला राग आला होता.

“दोन वर्षं मी मागनं हाका मारतेय आणि तुम्ही वळून बघत नाही,” ती म्हणाली. “मला वाटत होतं, माझं बोलणं तुम्हाला नकोसं झालंय. तसं धरूनच दिवस ढकलत होते मी. आणि तुम्ही मळ म्हणून सांगता?”

कामं जातील, लोक हसतील, ही सगळी भीती त्याने धरली होती, पण घरातल्या घरात एक माणूस दोन वर्षं असं झुरत होतं हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

मीनाबाई पदराने मानेवरचा घाम टिपत होत्या. दुसऱ्याच्या घरातल्या बोलण्यात त्या पडल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या, “माझा वरचा सूर जाऊन लई दिवस झालं. ती ओळ आली की मी नुसतं तोंड उघडती. मागनं पोरी सूर लावत्यात न् टाळ्या जोरात वाजवत्यात. गायनपार्टीत समद्यास्नी ठावं हाय. बोलत कोण न्हाय.”

संघर्षने मान वर केली.

“तू म्हणालास, आक्का एकट्यानं गावा. म्हणून गायली. फाटलाय तिथं, म्हाईत हाय मला. फोनवर इको वाढव, इको वाढव म्हणत हुती ते काय उगंच?”

सूर फाटलेला त्याला रेकॉर्डिंगच्या दिवशीच ऐकू आला होता. तेवढा कान शाबूत होता. पण आक्काला ते कसं सांगायचं म्हणून तो गप्प बसला होता आणि इकोचा हट्ट म्हणजे म्हातारपणची हौस समजून त्याने तिकडे काणाडोळा केला होता.

फोन पुन्हा वाजू लागला. गणपतीच होता. बाहेर ऊन उतरलं होतं.

फाइल खराब झाली म्हणायचं, हे संघर्षच्या जिभेवर तयार होतं. गेल्या महिनाभरात अशा थापा त्याला आयत्या सुचत होत्या. त्याने फोन उचलला, समोर बसलेल्या दोघींकडे पाहिलं आणि म्हणाला, “गणपतराव, ते गाणं लावू नका. त्यात सरसर हाय. चूक माझी हाय, मला ऐकू आली न्हाय. कानाचं वरचं गेलंय माझं.”

पलीकडे कुणीतरी माइक तपासत होतं.

“भिंतीम्होरं उभं राहूनच व्हय, सर?” गणपतीने विचारलं.

“व्हय.”

“पाठवा दुसरं. थांबतो आम्ही.”

गणपती वाईट माणूस नव्हता, पण मैदानावर कान टवकारलेले लोक होते आणि कोल्हापूर काही एवढं मोठं शहर नाही. दिवे लागायच्या आत ही बातमी सगळ्या साउंडवाल्यांपर्यंत जाणार हे संघर्षला पक्कं माहीत होतं. त्याने फोन ठेवला.

मग ते कामाला लागले. दुसरी खुर्ची ओढून श्रुती त्याच्या डावीकडे बसली, मीनाबाई उजवीकडे. राग श्रुतीच्या चेहऱ्यावर अजून होता, पण ती बसली. संघर्ष बटणं फिरवत होता आणि कुठे फिरवायचं ते त्या दोघी सांगत होत्या. त्याला सारखे वाटणारे दोन घुमारे त्यांना सारखे अजिबात वाटत नव्हते. निळ्यात आवाज बुडाल्यासारखा होतो, शब्दांच्या कडा राहत नाहीत, असं श्रुतीचं मत पडलं. मीनाबाईंना पांढऱ्यात आपण माणसांच्या पुढे उभं राहून गातोय असं वाटलं.

“पण आक्का, ह्यात तो सूर फाटलेला कळतोय,” श्रुती म्हणाली. “निळ्यात झाकला जातो. सरसर काय, विकत घेतला की जाईल.”

मीनाबाईंनी ती ओळ आणखी एकदा लावायला सांगितली. ऐकताना त्यांचे ओठ हलत होते.

“कळू दे,” त्या म्हणाल्या. “माझाच सूर हाय. पांढरा लाव.”

संघर्षने पांढरा लावला. पाठवण्याआधी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ऐकायचं, म्हणून त्याने मोठे स्पीकर चालू केले. ह्या वेळी त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. ढोलकी आली, हार्मोनियम आली, मीनाबाई गाऊ लागल्या, वरच्या ओळीला त्यांचा सूर फाटला आणि तसाच पुढे गेला. खोलीत त्यांनी स्वतः मात्र मान ताठ ठेवली होती. शेवटची ओळ आली. शेवटचा शब्द लांबला, पातळ होत गेला आणि संपला. संघर्षने बंद करायला बोट उचललं.

श्रुती हलली नव्हती. मीनाबाईंचे डोळे मिटलेले होते आणि मान किंचित कललेली होती. त्या दोघी अजून ऐकत होत्या. गाद्यांच्या त्या खोलीत कुठेतरी त्यांच्यापुरता तो घुमारा अजून चालला होता, दूर दूर जात होता, आणि संघर्षला फक्त आपला श्वास ऐकू येत होता. तो बोट तसंच धरून बसला. मीनाबाईंनी डोळे उघडल्यावर मग त्याने गाणं बंद केलं.