एकच बरणी उरली

शामलाबाईंनी बरणीला टिचकी मारून पाहिली, उजेडाकडे धरून पाहिली. तळाशी सगळं निपचित. शेजारच्या बरण्यांतही तेच. चिलटाहून बारीक असे हे मित्रकीटक धानावरच्या खोडकिडीची अंडी संपवतात. त्यांची पिल्लं असलेली अंडी कागदावर चिकटवून त्याची कार्डं कुहीच्या शेतकऱ्यांना द्यायची होती. आता आधीच भरून बाजूला ठेवलेली एकच बरणी जिवंत होती.

कुठे फवारणी झाली का, असं प्रयोगशाळेचे प्रमुख गिरिधर सर यांनी विचारलं. तिथे तर साधी उदबत्तीही कोणी लावत नसे. शामलाबाईंच्या मनीषनगरच्या घरातही ना स्प्रे, ना डासांची मशीन. मच्छरदाणी लावायची नि झोपायचं. नवरा गेल्यापासून तक्रार करायलाही घरात कोणी नव्हतं.

मग त्यांना आठवलं. परवा पुण्याहून मुलगा मोहित, सून वेदिका आणि वर्षाची मयुरा आली होती. मोहितने रात्रभर मशीन लावली, मयुराला अंगभर डासांची क्रीम चोपडली. काल सकाळी नातीला पोटाशी धरून शामलाबाई तशाच कामावर आल्या आणि त्याच हातांनी बरण्या भरल्या. औषधाला कुठे कळतं, कोण डास आणि कोण आपला?

"माह्यामुळंच झालं, सर," त्या म्हणाल्या. सर रागावले नाहीत, हेच त्यांना जास्त लागलं. पुन्हा चूक झाली तर या हंगामात कुहीला काहीच जाणार नाही, एवढंच ते बोलले.

घरी मोहित म्हणाला, क्रीम बंद करू. शामलाबाई चिडल्याच.

"काहून? गल्लीत डेंग्यू सुरू आहे. पोरीले काही झालं म्हंजे? मीच दूर राहीन."

अंघोळ करूनही त्यांचा स्वतःच्या हातांवर भरवसा उरला नव्हता. मयुरा हात पसरून दुडूदुडू यायची. "घे वं तिले," असं वेदिकाला सांगून त्या गच्चीवर जायच्या. झोपायलाही त्यांनी गच्चीच धरली. खाली पोरीचं हसणं ऐकू येई आणि जीव नुसता तुटायचा.

पाहुणे निघायच्या दिवशी कार्डं तयार झाली. कुहीच्या गाडीत ती नीट ठेवून शामलाबाई ऑटोने घरी आल्या. दारात टॅक्सी उभी होती. आता कसली मनाई नव्हती. चप्पलही न काढता त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"ये वं माय, आजीजवळ ये."

मयुराने त्यांच्याकडे पाहिलं आणि आईच्या मानेत तोंड लपवलं.

"झोप नाही झाली तिची, आई," वेदिका म्हणाली.

"हो, तसंच असन," शामलाबाई म्हणाल्या, आणि मयुराच्या दुधाच्या बाटल्यांची पिशवी उचलून त्यांनी टॅक्सीत ठेवली.