न हलणारी सोंड

कॅन्ससच्या गव्हाच्या शेतांवर दुपार कलली, तसं आभाळ तळ्याच्या तळासारखं हिरवट झालं. व्हर्नाने टोपी काढून मांडीवर ठेवली. वादळासमोर ती नेहमीच अशी बसे, चर्चमध्ये बसावं तशी.

"आज तरी तुझं कासव वादळाखाली जाऊ दे," गाडी चालवणारे ऑर्वलमामा म्हणाले. "मग रात्री ताटात तो जाडजूड..."

"मामा! नाव नका घेऊ."

वादळाचं मोजमाप हाती येईपर्यंत त्यांच्या वादळ-अभ्यासकांच्या चमूत कोणी स्टेकचं, त्या भाजलेल्या मांसाच्या तुकड्याचं, नाव काढत नसे. काढलं की टोर्नेडो विरतो, अशी सगळ्यांची श्रद्धा.

"बरं बाई. मग उपास."

गाडीत मागे ते लोखंडी कासव होतं, पोटात वारा मोजायची यंत्रं घेऊन. रडारला वरचा वारा दिसे. जमिनीलगतचा, घरं उचलणारा, कुणालाच दिसत नसे. त्याच वाऱ्याने व्हर्नाची आई नेली होती. मामांची धाकटी बहीण. वादळांचा मोसम संपला होता, उद्या चमू पांगणार होता, आणि कासव अजून एकदाही वादळाखाली सापडलं नव्हतं.

मातीच्या रस्त्यांच्या चौकात ते थांबले आणि ढगातून टोर्नेडोची सोंड उतरली. पांढरी, मागून उन्हाने उजळलेली. गाभाऱ्यात ज्योत उभी असावी तशी निश्चल. सगळा गहू तिच्याकडे वाकून उभा होता. कुठेतरी चंडोल गात होता.

"थांबलीय गं," मामा पुटपुटले. "किती शांत!"

व्हर्ना बघतच राहिली. पुढच्या चौकात जाऊन कासव ठेवायचं होतं, पण हात उचलेना. तिथे त्या उजेडात आई एप्रनला हात पुसत उभी आहे, असं वाटत राहिलं.

रेडिओ खरखरला. रडारच्या गाडीतला थेयर होता. "काय, डोळा लागला का दोघांचा? सोंड कुठे सरकतेय?"

"कुठेच नाही," व्हर्ना म्हणाली, आणि स्वतःच्याच शब्दांनी जागी झाली. नव्या पोरांना पहिला धडा तीच देई: डावीकडे सरकली तर डावीकडे चाललीय, उजवीकडे तर उजवीकडे. सरकत नाही, नुसती जाड होतेय, तर ती तुझ्याकडे येतेय.

"मामा, गाडी दक्षिणेला वळवा!"

"आणि पुढचा चौक?"

"कशाला? ती इथेच येतेय."

दोघांनी कासव ओढून रस्त्याच्या मधोमध ठेवलं. "कंबर मोडली माझी," मामा कण्हले. "मोडू दे, आधी पळा!" कासवाच्या पाठीवरचा हिरवा दिवा लावून व्हर्नाने गाडीत उडी घेतली. मागे चंडोल गप्प झाला होता.

ते परतले तेव्हा गहू आडवा झाला होता आणि विजेचे खांब नाहीसे झाले होते. कासव मात्र होतं तिथेच, चिखलात अर्धं रुतलेलं, दिवा लुकलुकत. व्हर्नाने गुडघे टेकून त्याच्या पाठीवर हात ठेवला. गारांनी ती थंडगार पडली होती. शेवटच्या क्षणी आईच्या अंगाला कसला वारा झोंबला होता, ते आता कळणार होतं.

"मामा, आता घ्या स्टेकचं नाव."

मामांनी टोपी काढली आणि तेही तिच्या शेजारी चिखलात बसले.