कारखाना बंद झाला की माझी दोरी तुटते

मी पिराजीची चंची बोलतेय. नाक मुरडू नका! तंबाखू पोटात घेऊन फिरते खरी, पण कापड माझं चांगलं जाड मांजरपाट आहे. सत्तर साली कसबा बावड्याच्या इमामभाई शिंप्यानं मला शिवलं आणि आपल्या दोस्ताला, पिराजीला दिलं.

पिराजी साखर कारखान्यात हंगामी कामगार. गाळप चालू असलं की मला दिवसातून चारदा उघडायचा. जास्त वेळ होता कुठं त्याला! पण उन्हाळ्यात कारखाना बंद पडला की तो घरी. पुढच्या हंगामाला बोलावतील की नाही, कुणी सांगायचं नाही. मग माझी नुसती धांदल. भूक लागली, चिमूट. काळजी वाटली, चिमूट. कुणी "काम मिळालं का?" विचारलं, की मोठी चिमूट. खिसा रिकामा आणि तंबाखू दुप्पट, हे माणसांचं मला कधी कळलंच नाही बघा.

पंचाहत्तरच्या मे महिन्यात त्याच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. तिखट सोसेना. कोल्हापूरचा गडी आणि दूधभाकरी खातोय! डॉक्टर म्हणाले, "तंबाखू सोड. हे वाढलं तर जिवावर बेतेल." त्याची बायको धोंडुबाई रडली, भांडली, मला दोनदा चुलीपर्यंत घेऊन गेली. दोन्ही वेळा त्यानं मला हिसकावून घेतलं. मला फार लाज वाटली.

त्यातच माझी दोरी तुटली. पिराजी मला घेऊन इमामभाईकडं गेला. इमामभाईनं मला उलटसुलट करून बघितलं.

"पिराज्या, ही दोरी दर साली कारखाना बंद झाल्यावरच तुटतीया. हंगामात का न्हाय तुटत?"

पिराजी खाली बघत म्हणाला, "हात मोकळं असत्यात की."

"मग बस हितं. शाळा सुरू व्हायच्या हायत, गणवेशाचा ढीग पडलाय. काजं-बटणं कर. आन् दर साली ये, ही जागा तुजी."

पहिल्याच दिवशी पांढऱ्या सदऱ्यावर तंबाखूची बोटं उमटली. इमामभाई असा ओरडला की गल्ली गोळा झाली! सदरा पिराजीलाच धुवावा लागला. तेव्हापासून तंबाखू मळली की साबणानं हात धुवायचे, असं ठरलं. दर चिमटीला उठून हात धुवायचा कंटाळा यायला लागला बिचाऱ्याला. वीस वेळा उघडणारा दहावर आला, मग दोनावर. एक दिवस मला उघडायचं विसरूनच गेला.

गणपतीत डॉक्टरांनी तोंड तपासलं. चट्टा गेला होता. त्या दिवशी धोंडुबाईनं ताटात मिरचीचा खर्डा वाढला. पिराजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अवं, लई तिखट लागलं का?"

"व्हय. आनखी वाढ!"

ती हसतही होती आणि पदरानं डोळेही पुसत होती.

मी आता खुंटीवर रिकामी असते. खरं सांगते, मजेत आहे. फक्त एक ऐका. कुणाच्या हातातली चंची ओढून घ्यायच्या आधी, त्या हाताला काम आहे का, ते विचारा. आणि तुमच्याकडं असेल, तर द्या की!